अखाद्य तेलाचे गुरुजी

आमचे साबणगुरुजी माणूस समोर आला की आधी त्याचा हात धरत आणि नाकाशी नेत. नमस्कार-चमत्कार सगळं नंतर. वास घेऊन झाला की निकाल तोंडावर सांगत. अमक्याच्या हाताला खोबरेलाच्या साबणाचा वास येतो, तमक्यानं कालपासून साबणच लावलेला नाही, आणि हे जे खादी घालून आलेले गृहस्थ आहेत ते घरी कारखान्याची गुलाबी वडी वापरतात. समोरचा जिल्ह्याचा अधिकारी असो की दूध घालणारा गवळी, न्याय सारखाच. बायकांचा हात मात्र ते धरत नसत. त्यांना हात पुढे करायला सांगत आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधून, कमरेत वाकून दुरूनच हुंगत. परक्या बाईसमोर असा वाकलेला माणूस पाहून माझी आत्या पहिल्यांदा घाबरून स्वयंपाकघरात पळाली होती.

आता ही गोष्ट लोक हसत हसत सांगतात. मध्यंतरी वर्ध्याला संस्थेतली जुनी मंडळी भेटली, तेव्हाही गुरुजींचा विषय निघाला आणि सगळे पोट धरून हसले. एकानं तर हात हुंगण्याची नक्कलही करून दाखवली. मी उठून बाहेर आले. हसायला माझी ना नाही, मीही पुष्कळ हसले आहे. पण ज्यांनी त्या माणसाची जन्मभराची कमाई मातीत घातली त्यांनीच त्याला विनोदी करून ठेवावं, याची मला चीड येते. म्हणून हे लिहिते आहे.

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. मॅट्रिकला मी गणितात गटांगळी खाल्ली, आणि लग्न जुळेपर्यंत पोरीनं काहीतरी शिकावं म्हणून वडिलांनी मला सेलूहून आत्याकडे, पिपरीला धाडलं. पिपरी तेव्हा निव्वळ खेडं होतं. तिथून चालत मी वर्ध्याजवळच्या एका ग्रामोद्योगाच्या संस्थेत जाई. सूतकताई, कागद, मध अशी खाती होती. चांगल्या घरच्या मुली सूतकताईत जात. तिथली जागा भरली होती म्हणून मला साबणात घातलं, आणि आत्यानं कपाळावर हात मारला.

कारण साबणखात्याच्या शेडला वास होता. निंबोळीच्या आणि करंजाच्या तेलाचा उग्र, कडू दर्प, तो केसांत बसे आणि न्हाऊनही जात नसे. घरी गेले की आत्या मला आधी गोठ्याजवळ उभी करून अंगावर पाणी ओतायला लावी. साबण करून घरी आलेल्या मुलीला अंघोळ केल्याशिवाय आत घ्यायचं नाही, हा आमच्या घरचा नियम होता.

गुरुजी मात्र त्या वासात सुखी होते. मूळचे आर्वीकडचे, उंच, वाळकुडे, हातांवर कॉस्टिक सोड्याच्या डागांची नक्षी. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. कढईत कोमट तेल घालायचं आणि कॉस्टिकचं पाणी बारीक धारेनं सोडत लाकडी वल्ह्यानं हलवायचं, ते एकाच दिशेनं. उलटा हात फिरवला की गुरुजी मागून येऊन म्हणत, "बाई, तुम्ही साबण करून राह्यल्या का भांडण?" दाट झालं की साच्यात ओतून पोत्यांनी झाकायचं, दुसऱ्या दिवशी तारेनं वड्या कापायच्या आणि फळ्यांवर महिनाभर सुकत ठेवायच्या. सुकलेली वडी ते जिभेला लावून पाहत. चरचरली तर खार जास्त, मग ती वडी पुन्हा कढईत. संस्था पाहायला येणाऱ्यांनाही ते वडी चाटून बघायला लावत. कितीतरी देशभक्तांनी त्यांच्या भीतीनं साबण चाटला आहे.

माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं, पुलगावचं. आत्यानं मोठ्या विश्वासानं गुरुजींना बोलावलं, घरात एखादा वडीलधारा पुरुष असावा म्हणून. मुलानं नमस्कार केला आणि गुरुजींनी तो हात तसाच धरून नाकाशी नेला, तर महागड्या साबणाचा वास. मग मुलाच्या वडिलांना विचारलं की साबणावर इतका खर्च करता तर घरी सालदार माणसाच्या भाजीत तेल किती घालता. स्थळ मोडलं. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

पण साबणापेक्षाही गुरुजींचं वेड निराळं होतं. खायचं तेल साबणात घालायचं नाही, हे त्यांचं व्रत होतं. शेंगदाणा, तीळ, जवस, करडई ही नावंसुद्धा शेडमध्ये काढायची नाहीत. निंब, करंज, एरंडी, मोह ही सरकारदरबारी अखाद्य ठरलेली तेलं, साबण त्यांचाच. नव्या तुकडीला पहिल्या दिवशी ते एकच धडा देत. "जे तेल कोणाच्या कढईत जाऊ शकते, ते साबणात टाकाचं नाई. आंग मळकं राह्यलं तर माणूस मरत नाई." युद्धाच्या काळात त्यांनी तेलासाठी लागलेल्या रांगा पाहिल्या होत्या. त्यांच्या आईनं शेवटची काही वर्षं बिनतेलाची कोरडी भाजी खाल्ली, आणि त्याच काळात गावातल्या मालगुजाराच्या वाड्यावर तिळाच्या तेलाचा साबण होत असे. हे ते एकदाच बोलले, पुन्हा कधी काढलं नाही.

एकदा व्यवस्थापकांनी शेंगदाणा तेलाचे डबे आणवले. आपला साबण काळपट होतो, वास मारतो, गिऱ्हाईक नाक मुरडतं, तर यावेळी जरा पांढरा करून बघावा, इतकंच त्यांचं म्हणणं. गुरुजी त्या डब्यांवर जाऊन बसले. सकाळपासून बसले ते जेवायलाही उठेनात. कुणी डबा हलवायला आलं की पाय सोडून आणखी पसरून बसत. शेवटी संध्याकाळच्या प्रार्थनेआधी व्यवस्थापकांनी हार मानली आणि ते तेल वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेलं. महिनाभर भाज्या तेलात पोहत होत्या आणि अर्ध्या वसतिगृहाची पोटं बिघडली. गुरुजींना त्याचं काही वाटलं नाही. पोटातच गेलं ना, असं ते म्हणाले.

तर असा हा माणूस. आता पुढचं ऐका.

साबणाला अंग येतं ते मोहाच्या तेलानं. निंब-करंजाचा साबण एकटा मऊ पडतो, बोटानं दबतो. मोहाचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं, तसाच त्याचा साबणही घट्ट. त्यामुळे मोहाच्या बियांची संस्थेला सदैव भूक. सेलूच्या पलीकडे, बोरच्या जंगलाकडे गोंडांचा एक टोला, म्हणजे लहानशी वस्ती, होता. तिथं मोहाची झाडं उदंड. संस्थेचा माणूस त्या वर्षी पहिल्यांदाच हंगामात गाडी घेऊन तिथं गेला आणि पोतीच्या पोती बिया घेऊन आला. गुरुजी इतके खूश झाले की साबण गेल्या वर्षीच्या दुप्पट घातला. फळ्या वड्यांनी भरून गेल्या.

पुढे माघात गुरुजी स्वतः त्या टोल्यावर निघाले, बिया नीट वाळवून द्या, बुरशी येऊ देऊ नका, एवढं सांगायला. बायकांशी बोलायचं तर सोबत बाई हवी, म्हणून मला घेतलं. सेलूपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी, मग पायी. टोल्यावर सोमीबाई नावाची एक बाई पुढे आली. चाळिशीची, खणखणीत आवाजाची; टोल्यावरच्या बायका तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. आपसात त्या गोंडीत बोलत आणि आमच्याशी बोलताना आपल्या भागातली मराठी. तिनं आम्हाला घरात नेलं, बसायला घोंगडी टाकली आणि ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली.

भाजी पाण्यात शिजवलेली होती. मीठ, मिरची आणि पाणी. मला ती गिळवेना. गुरुजी खाता खाता घर न्याहाळत होते. आढ्याला शिंकं होतं, त्यात एक गाडगं पालथं ठेवलेलं. गुरुजी उठले, परक्या घरात उष्ट्या हातानं, आणि ते गाडगं काढून नाकाशी नेलं.

"यात मोहाचं तेल होतं," ते म्हणाले. "दिव्याले वापरता का?"

"दिव्याले कायले? भाजीले."

गुरुजींनी पुन्हा विचारलं. तिला वाटलं त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून तिनं मोठ्यानं सांगितलं. बिया उखळात कुटायच्या, वाफवायच्या, फळ्यांत दाबून तेल काढायचं. ते चांगलं तापवलं की कडूपणा जातो. आजीच्या आजीपासून टोल्यावर भाजी, वडे, सणाचं तळण सगळं याच तेलात होतं. बाळंतिणीच्या अंगालाही हेच.

गुरुजींनी विचारलं, मग यंदा गाडगं पालथं काऊन?

"तुमचा मानूस आलता ना गाडी घेऊन. देशाचं काम हाय म्हने. मंग नाई कसं म्हनाचं? साऱ्यायनं सारं देलं."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. पाहुण्यांनी विचारलं म्हणून सांगितलं, आणि गुरुजींच्या पानात आणखी एक भाकर टाकली. घरी कधी वेळ आली तर दुकानातून तेल आणता का, असं मी विचारलं, तर दाराशी जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दुकान सेलूला.

परतताना सेलूला मोटारीची वाट पाहत होतो, तिथं गुरुजी बोलायला लागले, आणि ते थांबेनात. मोटारतळावरचे लोक वळून पाहू लागले. आपण शेंगदाण्याच्या डब्यांवर धरणं धरून बसत होतो आणि इकडे गोंडांच्या घरातली गाडगी पुसून नेत होतो, हे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. अखाद्य म्हणणाऱ्यांच्या सात पिढ्या त्यांनी तिथं उद्धरल्या. मग एकदम म्हणाले, मीही वीस वर्षं म्हटलंच की.

मला स्वतःला त्या दिवशी जो राग आला तो अजून गेलेला नाही. अहो, खाद्य कोणतं आणि अखाद्य कोणतं हे ठरवताना त्या तेलात रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसांना कुणी विचारलंच नाही. आपण खात नाही ना, मग ते खाण्याचं नाही, झालं. इतकं सोपं होतं ते.

दुसऱ्या दिवशी गुरुजी व्यवस्थापकांच्या खोलीत शिरले. आम्ही मुली खिडकीखाली उभ्या होतो. व्यवस्थापक वाईट माणूस नव्हते, हेच तर दुखणं. हळू बोलत, रोज सूत काढत, कुणाला अरे-तुरे करत नसत. त्यांनी गुरुजींचं सगळं ऐकून घेतलं आणि समजावणीच्या सुरात सांगितलं की मोहाचं तेल अखाद्य आहे, ते ठरलेलं आहे, वरूनच ठरून आलेलं आहे.

"कोणाच्या तोंडानं ठरलं?" गुरुजींनी विचारलं.

व्यवस्थापक यावर हसले. चांगलं, समजूतदार हसले. त्यापेक्षा त्यांनी हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुजींनी मग मोहाचं तेल शेडमधून बंद केलं. निंब आणि करंज एवढ्यावरच साबण घालायला लागले. तो साबण वैशाखात फळ्यांवरच पाघळला. वडीला वडी चिकटली, कागद सोलून निघेना, संस्थेच्या विक्रीभांडारातून पोती परत आली. आणि वास तर असा की संस्थेतली माणसंसुद्धा ती वडी घरी न्यायला कां-कूं करू लागली. ज्या माणसानं वीस वर्षं हाताला न टोचणारी, जिभेला न लागणारी वडी काढली, तो त्या लगद्याकडे बघत बसे. मी एकदा म्हटलं, गुरुजी, थोडं एरंडीचं प्रमाण वाढवून पाहू. ते म्हणाले, पाहू. पण त्यानंही घट्टपणा येत नव्हता, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं.

आषाढात सोमीबाई आली. बरोबर पाच-सहा बायका, डोक्यावर मोहाच्या बियांची गाठोडी. मोटारीत गाठोडी घेऊ देईनात म्हणून सेलूपासून पायी आल्या होत्या. संस्थेचा माणूस यंदा आला नाही, म्हणून त्याच माल घेऊन आल्या. गुरुजींनी गाठोड्यांना हात लावायला नकार दिला. हे तुमचं खाणं आहे, परत न्या, तुमच्या तोंडचा घास मी घेणार नाही, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. त्यांचे डोळे भरले होते. मलाही गहिवरून आलं.

सोमीबाईला गहिवर वगैरे काही आला नाही. तिनं गाठोडं धाडकन खाली टाकलं.

"खाचं का इकाचं, थे आमी ठरवू. पयले म्हने सारं द्या, आता म्हने काईच नको. तुमी इचारता कवा गुर्जी?"

मीठ-कापड याच बियांवर येतं, पोट्ट्याला ताप आला तर औषध याच्यावर येतं, आणि हे परत डोक्यावर घेऊन पायी जायचं का, असं तिनं भर अंगणात सुनावलं. सगळी संस्था गोळा झाली. आम्ही सगळ्यांनी आजवर गुरुजींना लोकांना झापतानाच पाहिलं होतं. तिचं सगळं बोलून झाल्यावर त्यांनी तिला खरंच विचारलं, जमिनीवर समोर बसून, की तुमच्या घराला वर्षाला किती लागतं, सणाला किती, बाळंतिणीला किती. ती बोटांवर मोजत सांगत गेली, बाकीच्या बायका मधे मधे भर घालत गेल्या.

त्यातून एक पद्धत निघाली. बिया संस्थेच्या तेलघाण्यावर आणायच्या. पहिलं तेल बायकांच्या गाडग्यात, ज्या घराला जेवढं लागतं तेवढं. गाडगी भरली की उरलेल्या बिया साबणाला, त्यांचा दाम त्या बायकांच्या हातात. दिवाळीनंतर गुरुजी टोल्यावर गेले आणि घराघरात शिरून शिंक्यावरची गाडगी हुंगून आले. पुरुषमंडळी वैतागली म्हणे, पण सोमीबाई पुढे होती. त्या वर्षी साबण निम्माच झाला, पण झाला तो घट्ट आणि छान झाला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे की हे जमत होतं. हे वेड नव्हतं.

व्यवस्थापकांना मात्र निम्म्या साबणाचं उत्तर वर द्यायचं होतं. पुढच्या हंगामात जुन्या रिवाजानं गाडी पाठवू, असं ते म्हणू लागले. आणि त्याच सुमाराला दिल्लीहून एक मोठे पाहुणे संस्था पाहायला येणार असं ठरलं. गुरुजींनी ठरवलं की मोहाचं तेल खाण्याचं आहे, हे आता या पाहुण्यांच्याच तोंडानं ठरवून घ्यायचं.

ही पंगतीची गोष्ट सगळे सांगतात. पाहुण्यांच्या जेवणाला उडदाचे वडे होते. स्वयंपाकघरातल्या बाईला गुरुजींनी फितवलं आणि वडे मोहाच्या तेलात तळले गेले, सोमीबाईनं शिकवलं होतं तसं आधी कडकडीत तापवून. पाहुण्यांनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा मागितला. तेव्हा गुरुजी पंगतीत उभे राहिले आणि हात जोडून मोडक्या हिंदीत म्हणाले की साहेब, आपण आत्ता जे खाल्लं ते अखाद्य आहे. व्यवस्थापकांच्या हातातला घास हातातच राहिला. संस्थेचे एक विश्वस्त उठून मोरीकडे धावले, ते मात्र खरं आहे.

लोक इथं गोष्ट संपवतात आणि हसतात. पुढचं कुणी सांगत नाही.

पुढचं असं, की पाहुणे रागावले नाहीत. ते हुशार गृहस्थ होते. त्यांनी गुरुजींना शेजारी बसवून घेतलं आणि सगळं विचारलं. कुठं होतं, किती होतं, कडूपणा कसा जातो. गुरुजी बिचारे फुलून गेले. टोल्याची, गाडग्यांची, सोमीबाईची सगळी हकिकत त्यांनी सांगितली. पाहुण्यांनी शेवटी गुरुजींच्या पाठीवर थाप मारली. "मास्टरजी, आपने आँखें खोल दीं," ते म्हणाले. गुरुजी त्या दिवशी शेडमध्ये आले ते गाणं गुणगुणत. त्यांना गाता येत नव्हतं.

पुढच्या हंगामाआधी कळलं की बोरच्या बाजूच्या सगळ्या मोहाच्या बियांचा ठेका निघाला आहे. इतकं उत्तम खाण्याचं तेल जंगलात वाया जातं, देशात तेलाची टंचाई आहे, तेव्हा ते कारखान्यात शुद्ध करून शहरांना पुरवावं, असं वर ठरलं होतं. नागपूरकडच्या एका ठेकेदारानं तो ठेका घेतला. त्याचे लोक टोल्याटोल्यावर बसले. बी वेचायची ती त्यांच्यासाठी, घरात ठेवलेली सापडली तर चोरी. साबणखात्यालाही मोह मिळेना. व्यवस्थापकांनी गुरुजींना शांतपणे सांगितलं की तुमचंच म्हणणं मान्य झालं आहे, मोहाचं तेल आता अखाद्य राहिलेलं नाही, तेव्हा तुमच्या तत्त्वाप्रमाणे ते साबणात घालायचा प्रश्नच येत नाही.

साबणखातं त्या वर्षी मिटलं. आमच्या तुकडीला हातकागदात पाठवलं. गुरुजींना भांडारात वड्या विकायला बसायला सांगितलं, कारखान्याच्या खोबरेलाच्या वड्या. ते एक दिवस बसले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत.

पुढच्या माघात मी त्यांच्याबरोबर टोल्यावर गेले. माझं लग्न ठरलं होतं, आत्या नको म्हणत होती, तरी गेले. गुरुजींना एकट्यानं तिथं जायचं धैर्य होत नव्हतं असं मला वाटलं. वाटेत ते नेहमीसारखं कुणावर डाफरलेही नाहीत. सोमीबाईनं तशीच घोंगडी टाकली. हात धुवायला पाणी आणलं आणि पाण्याबरोबर साबणाची एक पांढरी, वासाची वडी. ठेकेदाराच्या साहेबांनी टोल्यावर स्वच्छतेसाठी फुकट वाटली होती, प्रत्येक घराला. मी घरात पाहिलं. कोनाड्यात आणखी वड्या होत्या, कागदही न काढलेल्या. गुरुजींनी नुसत्या पाण्यानं हात धुतले.

तिनं भाकर वाढली आणि वाटीत भाजी. पाण्यात शिजवलेली. माझं डोकं फिरलं. मी ठेकेदाराला, दिल्लीच्या त्या पाहुण्याला, व्यवस्थापकांना, तोंडाला येईल ते बोलायला लागले. सोमीबाईनं मला बोलू दिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती गुरुजींकडे बघत होती, आणि तिच्या आवाजात रागही नव्हता.

"तुमीच सांगतलं ना गुर्जी त्या सायबाले, का हे खाचं तेल हाय म्हनून. त्याले मालूम नोतं, तोवर थे आमचं होतं."

गुरुजींनी भाकर मोडली, ती भाजी सगळी खाल्ली आणि वाटी पुढे करून आणखी मागून घेतली.